वसंतभाऊंचं सातवं शटर

मे महिना, दुपारी एकचा सुमार. चंद्रपुरात या वेळेला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नालीत जिथे जरा ओल असेल तिथे पोट टेकवून ती पडलेली असतात. अशा वेळी एक पन्नाशीचा माणूस डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून एका बंद दुकानासमोर उकिडवा बसला आहे आणि डांबरी रस्त्यावर खडूनं रेघ ओढतो आहे, असं दिसलं तर तुम्ही काय समजाल? मी समजले, ऊन लागलं बिचाऱ्याला. मुलाखतीला निघाले होते, पिशवीत पाण्याची बाटली होती, ती पुढे केली. त्यानं घोटभर पाणी घेतलं, बाटली परत दिली, घड्याळात पाहिलं आणि रेघेच्या टोकाला बारीक अक्षरात लिहिलं, 'एक वाजून दहा'.

मी पत्ता विचारला. कोतपल्लीवार कमर्शियल नावाची कंपनी इथेच कुठेतरी आहे ना?

"हाये," तो म्हणाला. "पन मालक ऑफिसात नाई. सावली मोजून राह्यला."

मालक कोण ते मला तिसऱ्या मिनिटाला समजलं आणि नोकरी लागली ती पाचव्या. माझी कागदपत्रं त्यांनी उघडलीच नाहीत. उन्हात अनोळखी माणसाला पाणी देणारी पोरगी गिऱ्हाइकालाही पाणी देईल, एवढं त्यांना पुरलं. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली.

वसंतभाऊ कोतपल्लीवारांची कंपनी म्हणजे मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. खाली दिवसभर पंप चालवून पाहत, त्यामुळे फोनवरच्या गिऱ्हाइकाला वाटे, ही माणसं कारखान्यातून बोलताहेत. भाऊंना ते आवडायचं. कंपनीत माणसं तीन: भाऊ, मी आणि टेप धरणारे लहानूभाऊ, ज्यांची ओळख भाऊ 'आमचा सर्व्हे विभाग' अशी करून देत. मला भाऊ पहिल्या दिवसापासून 'मॅडम' म्हणाले, कारण कॉम्प्युटर फक्त मला येत होता. कंपनीच्या कार्डावर छापलेलं होतं, 'दुकान, गोदाम, कार्यालय. चंद्रपूर, गडचिरोली आणि पुढे.' पुढे म्हणजे कुठे, असं कोणी विचारलं तर भाऊ सांगत, सिरोंचा. त्याच्याही पुढे विचारलं तर म्हणत, तिथून पुढे नदी आहे आणि नदीपलीकडे तेलुगू बोलावं लागतं.

राहत्या घरांचे सौदे ते घेत नसत. कोणी घर घेऊन आलाच तर त्याला चहा पाजून दुसऱ्या माणसाचा पत्ता देत. कारण विचारलं की म्हणत, "घराच्या सौद्यात सारं खानदान बोलते. साळा बोलते, साळ्याची बायको बोलते. दुकानात दोघंच. एक देनारा, एक घेनारा."

आणि त्या दोघांच्या मध्ये सावली. "पह्यले सावली, मंग चावी," हे त्यांचं पालुपद. कुठलीही जागा हातात आली की ते तिच्यासमोर दिवसातून तीनदा जात, सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला. सावली जिथे संपते तिथे खडूची रेघ. मग ती मापं निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत चढत. त्यांचं म्हणणं असं की आपल्या गावात आठ महिने गिऱ्हाईक सावलीच्या कडेकडेनं चालतं. सावली तुटली की ते रस्ता ओलांडतं, आणि एकदा ओलांडलं की समोरच्या दुकानाचं होतं. बाकीचे दलाल चौरस फूट सांगत. भाऊ म्हणत, चौरस फूट कागदावर राहतात, माणूस सावलीत राहतो. या रेघांवर शाळेतून येणाऱ्या पोरी लंगडी खेळत. एकदा तर अपघाताची खूण समजून एका हवालदारानं अर्धा तास वाहतूक दुसरीकडून वळवली होती. भाऊ समोरच्या टपरीवर चहा पीत ते पाहत होते. मी म्हटलं, सांगा ना त्याला. तर म्हणाले, त्यानं एवढं मन लावून काम केलं, आता कुठे त्याचं मन मोडायचं.

पुण्याहून एकदा कपड्यांच्या मोठ्या कंपनीचा एक तरुण अधिकारी आला. हातात पाटीएवढी स्क्रीन, तिच्यावर चंद्रपूरचा नकाशा आणि नकाशावर रंगीत ठिपके. कुठल्या रस्त्यावरून दिवसाला किती माणसं जातात, ते सगळं त्यात होतं. त्याला पश्चिमेकडे तोंड असलेली, पुढून पूर्ण काचेची जागा पसंत पडली. भाऊंनी मान हलवली. चार वाजता ऊन सरळ आत येतं, तुमच्या पुतळ्यांना घाम फुटेल, म्हणाले. तो अधिकारी हसला आणि त्यानं पंधरा मिनिटं ठिपक्यांचा अर्थ समजावून सांगितला. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

"बराबर हाये साहेब," शेवटी ते म्हणाले. "तुमी पाय मोजता. मी पाय कुठी भाजते ते मोजतो."

त्यानं ती जागा दुसऱ्या दलालाकडून घेतली. एप्रिलमध्ये पुतळ्यांच्या टोपांचा गोंद सुटला आणि सगळ्यांचे केस भुवयांपर्यंत उतरले. काचेकडच्या साड्या एका बाजूनं वेगळ्या रंगाच्या झाल्या. मे महिन्यात त्या चकचकीत दुकानाला रोपवाटिकेसारखी हिरवी जाळी लागली. पुढच्या वर्षी तो मुलगा आमचा जिना चढून आला. मला वाटलं, आता भाऊ ऐकवणार. त्यांनी फक्त चहा मागवला आणि म्हणाले, चार वाजू द्या, मग निघू.

शेजार पाहण्याची त्यांची रीत आणखी वेगळी. जागा बघून झाली की शेजारच्या दुकानात जाऊन पाणी मागायचं. पाणी दिलं तर शेजार बरा. 'कॅनचं संपलं' म्हणाला तर जागेवर फुली. गडचिरोलीत रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी आम्ही जागा पाहत होतो. शेजारी टायरवाला. त्यानं पाणी तर दिलंच, वर भाऊंच्या तोंडाकडे पाहून विचारलं, तब्येत बरी नाही का, जरा टेका इथी. भाऊ त्याच्या टायरच्या चळतीवर दहा मिनिटं टेकले आणि उठून म्हणाले, मॅडम, ही जागा लॅबला देऊन टाका, अर्धे पेशंट हाच बरे करेल.

आता कंपनी मी चालवते. भाऊ आणि काकू नागपूरला लेकीकडे राहायला गेले, त्याला दोन वर्षं झाली. गडचिरोली आता आमच्या वेळची राहिली नाही. रस्ते रुंद झाले, मोठाले ट्रक धावतात, हैदराबादहून गोदामासाठी फोन येतात आणि जागेचे फोटो आकाशातून काढलेले असतात. माझी तक्रार नाही, माझं पोट त्याच्यावर आहे. पण गाडी मूल गावाच्या पुढे गेली की मला हटकून आमची जुनी गाडी आठवते. लहानूभाऊ चालवत. मूलला थांबून तर्री-पोहे खायचे, हा नेम. मग सावलीपर्यंत कोणी बोलायचं नाही, हाही नेम. सावली नावाचा तालुका वाटेत लागतो यात भाऊंना काहीतरी दैवी वाटायचं आणि ते पाटीकडे पाहून मान लववत. जंगल लागलं की ते काच खाली करत. मोहाची फुलं गळायचे दिवस असले तर सगळ्या गाडीत तो गोड, आंबूस वास भरे आणि लहानूभाऊ आपोआप गाडी हळू करत. एक गोदाम दाखवायला आमचा सगळा दिवस जायचा. पण तो गेला असं कधी वाटलं नाही.

रिकामं दुकान मात्र भाऊंना सहन होत नसे. रस्त्यात दात पडल्यासारखं दिसतं, म्हणायचे. कुठे शटर महिनाभर बंद दिसलं की ओळख नसली तरी मालकाला शोधून काढत. आणि याच माणसाच्या ताब्यात एक शटर माझ्या माहितीत सहा वर्षं बंद होतं.

मूल रोडकडे नवी वस्ती वाढते आहे, तिथे नऊ दुकानांची एक ओळ होती. आठ गाळे नागपूरच्या एका मालकाचे, कारभार सगळा भाऊंकडे. सातवा गाळा भाऊंनी स्वतःसाठी घेऊन ठेवलेला. त्या ओळीबाबत त्यांचं वागणं मला कधी कळलं नाही. फरशीवाले आले, त्यांना नाही म्हटलं. शिकवणीचे क्लास घेणारे तीन गाळे एकदम घेत होते, त्यांनाही नाही. तिथे होते कोण, तर पहिला न्हावी, मग शिंपी, सायकल दुरुस्तीवाला, किराणा, बांगड्या, चपला. सातवं बंद. आठवी पिठाची चक्की आणि नववी पानटपरी. शहर एवढं वाढतंय आणि इथे सायकल दुरुस्ती. लहानूभाऊ दर महिन्याला जाऊन सातव्या शटरला तेल देऊन येत आणि मी विचारलं की म्हणत, मले काय मालूम बाप्पा, मी सर्व्हे विभाग.

मग एक दिवस एक औषधवाले आले. मोठी उलाढाल, चांगला माणूस, आणि त्यांना नेमका तोच गाळा हवा. भाऊ दोन दिवसांसाठी अहेरीकडे गेले होते, तिथे फोन लागत नव्हता. मला वाटलं, आपणही आता इतकी वर्षं काम करतोय, एक सौदा स्वतःच्या डोक्यानं करून दाखवू. खिळ्यावरची किल्ली घेतली आणि गिऱ्हाइकाला घेऊन गेले.

शटर वर केलं. आत चुन्यानं पांढऱ्याधोप भिंती, शेणानं सारवलेली जमीन आणि पुढच्या बाजूला विटामातीची एक भट्टी. नवी कोरी, एकदाही न पेटवलेली. तिच्यामागे गोणपाटात गुंडाळलेली लोखंडी कढई, एक झारा आणि चाळलेल्या वाळूचा डबा. सिमेंटच्या गाळ्यात कोणी जमीन सारवून ठेवतं, हे मी पहिल्यांदा पाहत होते. औषधवाले माझ्याकडे पाहू लागले.

चक्कीवाले येसूभाऊ बाहेर आले. भुवया, मिशा, सगळं पिठानं पांढरं.

"बाई, ते लावून घ्या," ते हळूच म्हणाले. "ते मोठीमायचं होय."

औषधवाल्यांना मी कसंबसं वाटेला लावलं आणि येसूभाऊंच्या चक्कीत येऊन बसले. त्यांनी चक्की बंद केली आणि सांगितलं ते असं. ते आणि वसंतभाऊ एकाच गावचे, बोरबोडीचे. बोरबोडी आता नाही. कोळशाच्या खाणीत ते गाव गेलं, त्याला कितीतरी वर्षं झाली. ज्यांना शेत होतं, ते मोबदल्यात मिळालेल्या शेताच्या मागे गेले. पण गावात दुकानाची जी ओळ होती, तिच्यातल्या लोकांना शेत नव्हतं. ते चारी दिशांना पांगले. न्हावी बल्लारशाला दुसऱ्याच्या खुर्चीवर काम करत होता. शिंपी तेलंगणात निघून गेला होता. येसूभाऊ स्वतः वीटभट्टीवर होते. वसंतभाऊंनी एकेकाचा पत्ता काढला आणि एकेकाला इथे आणून बसवलं.

"आमाले कोनाले त्यानं काई सांगतलं नाई," येसूभाऊ म्हणाले. "मी समजलो, आपलं नशीब. मंग सायकलवाला आला, बांगड्यावाली आली. एक दिवस पीठ दळता दळता बाहेर पाह्यलं तं ध्यानात आलं. बोरबोडीत अशीच ओळ होती. ह्याच्या बाजूले हाच. फक्त समोर वड नाई."

आणि सातव्या जागी मोठीमाय बसायची. फुटाणे, लाह्या, मुरमुरे भाजायची. ती कोणाची नात्यानं मोठीमाय, म्हणजे थोरली काकू, नव्हती, सगळ्या गावाची होती. हल्ली गोंडपिपरीला लेकीकडे असते, येसूभाऊ म्हणाले, आणि चक्की पुन्हा सुरू केली.

भाऊ परत आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं. ते चष्मा काढून दुपट्ट्यानं खूप वेळ पुसत राहिले. औषधवाल्यांना त्यांनी त्याच दिवशी दुसरी, याहून चांगली जागा दाखवली. जाताना मला म्हणाले, परवा मंगळवारी गोंडपिपरीला जायचं आहे, तुम्हीही चला.

दिवाळी नुकतीच सरली होती. गावोगावच्या मंडईच्या जत्रांचे दिवस, धान कापणीला आलेलं. भाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मांडीवर एक फाइल होती, अगदी मोठ्या गिऱ्हाइकाकडे जाताना असते तशी. मोठीमाय लेकीच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. ऐंशीच्या पलीकडची, डोळ्यांत फुलं पडलेली, पण पावलांच्या आवाजावरून ओळखलं तिनं.

"वसंता, आला का?"

भाऊंनी पाया पडून फाइल उघडली आणि जागेची माहिती द्यायला सुरुवात केली. विनोद नाही, मी शपथेवर सांगते; पुण्याच्या अधिकाऱ्याला देत त्याच आवाजात, तितक्याच गंभीरपणे. रुंदी इतकी, खोली इतकी, पुढे ओटा आहे, पोती ठेवायला मागे माळा काढला आहे. डाव्या हाताला चपलावाला, उजव्या हाताला येसूची चक्की.

येसूचं नाव निघताच म्हातारी सरळ झाली. त्याच्या चक्कीचा कोंडा माझ्या लाह्यांवर उडतो, तिनं बजावलं. बोरबोडीतली ही तक्रार बहुधा पन्नास वर्षं जुनी असेल. भाऊंनी फाइलीचं पान उलटून दाखवलं, जणू तिला दिसत होतं, की मधे छपरापर्यंत पत्रा मारून घेतला आहे. मग तिनं शिंप्याची चौकशी केली, अजून दोन दिवसांत देतो म्हणून महिनाभर फिरवतो का. फिरवतो, भाऊंनी कबूल केलं. ते ऐकून तिला फार समाधान झालं.

"जागा तं बरी हाये," ती विचार करून म्हणाली. "पन औंदा माहे गुडघे धरले हायेत. पुढच्या साली पाहू."

"काई घाई नाई, मोठीमाय. जागा राखून ठेवतो," भाऊ म्हणाले आणि तसं त्यांनी फाइलीत लिहिलंही.

लेकीनं आमच्यापुढे फुटाण्यांची ताटली ठेवली. भाऊंनी दोन दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, वाळू कमी तापली वाटते. म्हातारी खुदकन हसली. ते बाजारातले आहेत रे, मी कुठे भाजते आता. मग माझ्याकडे वळून तिनं सांगितलं. याचे आईबाप शेतावर जायचे मजुरीला, घराला कुलूप. हा शाळा सुटली की माझ्या भट्टीशी येऊन बसायचा. पुड्या बांधायला मी शहरातून रद्दी आणायची, तिच्यातले कागद हा वाचत बसायचा. पुडीला कागद कमी पडले, पण पोराचं वाचून झाल्याशिवाय मी एकही फाडला नाही. एकदा हा मोठ्यानं वाचू लागला, 'दुकानासाठी जागा भाड्याने देणे आहे.' मी म्हटलं, विचार बाबू किती लांब आहे ते, आपण घेऊन टाकू.

भाऊ ताटलीतले फुटाणे मोजत असल्यासारखे खाली पाहत होते. मी त्यांना इतक्या वर्षांत गप्प बसलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, लाजलेलं पहिल्यांदा पाहत होते.

परतताना लहानूभाऊ गाडी चालवत होते. ही फेरी दर दिवाळीनंतर असते, हे त्यांनीच मला सकाळी सांगितलं होतं. मला राहवलं नाही. मी विचारलं, भाऊ, त्या येणार नाहीत हे तुम्हाला दिसतंय, मग दरवर्षी काऊन विचारता?

भाऊंनी काच खाली केली.

"ते येनार नाई, मले मालूम हाये," ते म्हणाले. "तिलेई मालूम हाये. पन तिची लेक सांगते, मी येऊन गेलो का महिनाभर ते दुकानाचंच बोलते. भट्टी कोन्या बाजूले ठेवाची, चने कुठून आनाचे. जेवते चांगली. मंग हळूहळू इसरते. मंग मी पुन्ना जातो."

पुढच्या दिवाळीनंतरही आम्ही गेलो. त्या वर्षी तिच्या डोळ्यांचं निमित्त होतं. त्याच्या पुढच्या वर्षी, पोळ्याच्या चार दिवस आधी, मोठीमाय गेली.

तेरवी करून भाऊ परतले ते दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ऑफिसात. पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, सातव्यासाठी गिऱ्हाईक पाहा. मला वाटलं होतं, ते काही महिने तरी तो गाळा तसाच राहू देतील. पण आठ दिवसांत त्यांनी तो भामरागडकडून आलेल्या एका मुलीला दिला. तिला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान काढायचं होतं. भट्टी पाडायला गवंडी घण घेऊन आला, तेव्हा भाऊंनी त्याला थांबवलं आणि स्वतः खाली बसून एकेक वीट हातानं सोडवली. येसूभाऊ चक्की बंद करून दारात उभे राहिले. न्हावी आला, शिंपी आला. भट्टी निघाली तेव्हा त्या मुलीनं सगळ्यांना चहा मागवला, आणि चहा झाल्यावर ओळीतली माणसं आपापल्या दुकानात गेली. भाऊ तेवढे झेरॉक्सचं मशीन आत जाईपर्यंत थांबले.

त्यानंतर त्यांचं काम नेहमीसारखं चाललं. कोणाला काही वेगळं दिसलं नसतं. दिवाळी झाली. मंगळवार आला. मी ऑफिसात पोचले तर भाऊ माझ्या आधी आलेले. इस्त्रीचा सदरा, बगलेत फाइल. लहानूभाऊंनी सवयीनं गाडी काढून खाली लावून ठेवलेली.

"मॅडम, चाला," ते उठत म्हणाले.

"कुठी, भाऊ?"

ते दारापर्यंत गेले होते. तिथेच थांबले. खाली कोणीतरी पंप सुरू केला, बंद केला.

"कुठी नाई," ते म्हणाले आणि परत येऊन खुर्चीत बसले. फाइल मांडीवरच होती.

माझी आई चिमूरला एकटी राहते. बाबा गेल्यापासून तिचं बोलणं फार कमी झालं होतं. फोन केला तरी जेवलीस का, हो, बरी आहेस का, हो, इतकंच. मी बरेच दिवस जायचं जायचं म्हणत होते. म्हटलं, भाऊ, गाडी काढलीच आहे, तर मला आईकडे सोडता का चिमूरला? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि उठले.

चिमूरला पोचलो तेव्हा आई अंगणात वाळवणाच्या बाजेशेजारी बसली होती. मी ओळख करून दिली. तिनं पाणी आणलं, पोहे केले, नेहमीसारखं मोजकं बोलली. भाऊ पोहे खात राहिले. मी दोघांकडे पाहत होते आणि मला वाटत होतं, उगाच आणलं यांना. मग आई ताटल्या उचलायला लागली, तेव्हा भाऊंनी घसा साफ केला. मांडीवरची फाइल उघडली, कोरं पान काढलं आणि पेन हातात घेऊन अगदी गंभीरपणे विचारलं,

"बाई, तुमाले दुकान लावाचं हाये का?"

आईनं जन्मात कधी काही विकलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती हातातल्या ताटल्या खाली ठेवून हळूच परत बसली. पदर सारखा केला. अंगणातल्या वाळवणाकडे पाहत जरा वेळ विचार केला.

"लोनचं मी बरं घालते, असं लोकं म्हनतेत," ती म्हणाली. "जागा कुठी हाये, भाऊ?"

भाऊ खुर्ची पुढे ओढून तिला जागा सांगू लागले.